दिनविशेष : २४ मार्च १९९० – शांतिसेना मायदेशी

श्रीलंकेतील त्रिंकोमाली बंदरातून भारतीय शांतिसेनेची अखेरची तुकडी १९९० साली आजच्याच दिवशी मायदेशी निघाली. २९ जुलै १९८७ रोजी पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. त्यामागे दिल्लीचे हेतू होते : श्रीलंका अखंड राहून तमिळांना अधिकार मिळावेत आणि परकीय सत्तांना त्रिंकोमालीत पाय रोवता येऊ नयेत. तमिळ बंडखोरांची शस्त्रे जमा करून घ्यायला गेलेले सैन्य ऑक्टोबरपासून त्यांच्यातल्याच ‘लिट्टे’ संघटनेशी लढू लागले.

२५ नोव्हेंबरला जाफन्याजवळ छातीत गोळी लागूनही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला टिपणारे ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मलेल्या या वीराला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले.  त्यांच्या महार रेजिमेंटचे केंद्र सागरला आहे.

१९८९मध्ये श्रीलंकेचे नवे अध्यक्ष प्रेमदास यांनी फौज हटवण्याची मागणी केली, माघारीचे ठरले आणि विश्वनाथ प्रताप सिंह सरकारच्या काळात ती पूर्ण झाली. अकराशेहून अधिक जवान गमावलेल्या या मोहिमेचा आरंभ आणि शेवट, दोन्ही राजकीय निर्णय होते. सैन्य परदेशी धाडताना उद्दिष्ट आणि परतीची वेळ आधीच स्पष्ट हवी. ती जबाबदारी सरकारचीच.