रायगडावरचे दफ्तर

महाड-पोलादपूरकडच्या अनेक घरांतली मुले आता पुण्या-मुंबईच्या लहानमोठ्या संगणक कंपन्यांत आहेत. दिवाळीला गावी आली की ओटीवर बसून आपल्या ‘स्टार्टअप’च्या गोष्टी सांगतात. माणसे पंधरा आणि कामे पन्नास. हिशेब पाहणाऱ्यानेच गिऱ्हाइकाकडेही जायचे. पदाचे नाव काल एक होते, आज दुसरे. आणि ज्याने कंपनी काढली त्याची नजर दिव्याच्या बटणापासून मोठ्या करारापर्यंत सगळीकडे. ऐकताना वाटते, हे सारे याच महाड तालुक्यात, डोंगरमाथ्यावरच्या एका कचेरीत एकदा घडून गेले आहे. ती कचेरी म्हणजे रायगडावरचे शिवकालीन दफ्तर.

जावळीच्या मोऱ्यांकडून १६५६ मध्ये रायरीचा डोंगर स्वराज्यात आला. हिरोजी इंदुलकरांनी त्यावर राजधानी उभी केली आणि ६ जून १६७४ रोजी तेथे राज्याभिषेक झाला.  राज्याच्या दफ्तराला आता येथे घर मिळाले आणि घराबरोबर शिस्तही आली. त्या वर्षीच्या कानुजाबत्यात आठ प्रधानांची कामे वाटून दिलेली आहेत. जमाखर्च अमात्यांनी पाहायचा, राजपत्रांतला अधिकउणा मजकूर सचिवांनी शोधायचा, प्रत्येकाने आपापले चिन्ह करायचे. म्हणजे एका हाताने लिहिलेला कागद दुसऱ्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडायचा नाही. मात्र कागद सांभाळणाऱ्यांची तलवारीतून सुटका नव्हती. पंडितराव आणि न्यायाधीश वगळता बाकीच्यांनी प्रसंग पडेल तेव्हा मोहिमेवरही जायचे होते. मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान होते आणि फौज घेऊन लढतही होते.

पदांची नावे बदलली तीही याच वेळी. मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती. केवळ पाट्या बदलून भागणार नव्हते. रोजच्या लिखाणातले शब्दही हवे होते. रघुनाथपंत हणमंत्यांच्या नावावर असलेला ‘राज्यव्यवहारकोश’ त्यासाठीच रचला गेला. दहा वर्ग, सुमारे १४०० शब्द. फारसी-दखनी शब्दाला संस्कृत प्रतिशब्द. कारकुनाच्या हाताला जडलेली भाषा हुकमाने एका दिवसात सुटत नाही, हेही खरे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुनी पत्रे घेऊन शब्द मोजले, तेव्हा १६२८ च्या पत्रात शंभरातले ८५ च्या आसपास शब्द फारसी निघाले, १६७७ च्या पत्रात ३७ च्या आसपास आणि १७२८ च्या पत्रात अवघे सहा. कोश करणाऱ्यांच्या हयातीत काम अर्धेच झाले होते. पुरे झाले ते त्यांच्या नातवंडांच्या काळात. गंमत अशी की चिटणीस, वाकनीस, मुजुमदार ही जुनी नावे आडनावे होऊन घरोघर राहिली आणि मंत्री, सचिव हे शब्द आज मुंबईच्या मंत्रालयात नांदत आहेत.

या कचेरीचा स्वभाव कळतो तो तिच्या पत्रांतून. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण पावसाळाभर पुरवून वापरा, गवताच्या गंजीजवळ आगट्या करू नका, चिलीम ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारी वैरण जळेल. रयतेच्या भाजीलाही हात लावू नका, अशी ताकीद त्यात आहे. राज्य उंदराच्या तोंडातल्या वातीनेही बुडू शकते, हे ओळखणारा मालक या ओळींमागे दिसतो.

दुसरे पत्र १८ जानेवारी १६७५ चे, प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना लिहिलेले. जंजिऱ्याच्या मोहिमेवरच्या आरमाराला रसद आणि पैसा पोचवायचा हुकूम होता. सुभेदारांनी तो पोचवला नाही. पत्रात संशय उघड आहे: हबशाने काही दिले असेल, म्हणून ही बुद्धी झाली असेल. ब्राह्मण म्हणून कोणी मुलाहिजा करील या भ्रमात राहू नये, असेही स्पष्ट बजावले आहे. आपल्याकडे जात आणि नाते पाहून कागद दाबण्याची रीत जुनी आहे. ती येथे निदान लेखी तरी नाकारलेली दिसते.

परंतु या दफ्तराचे कौतुक करताना थांबावे लागते ते बाळाजी आवजींच्या नावापाशी. चिटणीस घराण्याच्या परंपरेत एक कथा आहे. दिवसभराच्या कामात महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायचे राहून गेले. रात्री विचारणा झाली, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून मजकूर घडाघडा वाचला. मशालजी हसला आणि बिंग फुटले. पण लिहून काढलेला मजकूर वाचलेल्याशी तंतोतंत जुळला. कथा घराण्याने जपलेली आहे, तेव्हा ती पारखूनच घ्यावी. तरी कामाखाली वाकलेला लेखनिक तिच्यात खरा वाटतो.

याच बाळाजींना १६८१ मध्ये, कटाच्या आरोपावरून, सुधागडाच्या परिसरात अण्णाजी दत्तोंबरोबर देहान्त शासन झाले. धनी बदलला, वारसाहक्काचा वाद पेटला आणि दफ्तरातली माणसे दोन बाजूंत वाटली गेली. आजच्या कंपनीत असे झाले तर नोकरी जाते. तेथे डोके गेले. स्टार्टअपशी तुलना येथे संपते. पुढे बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी संभाजी महाराजांचीच चिटणिशी केली आणि राजाराम महाराजांबरोबर ते जिंजीपर्यंत गेले. याला निष्ठा म्हणावी की बोरू हेच ज्याचे वतन त्याची अगतिकता? दोन्ही असावे.

नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी लागलेल्या आगीत गडावरचे वाडे जळाले. पेशव्यांचे दफ्तर पुण्यात अजून आहे, रायगडाचे नाही. मग वर सांगितलेली पत्रे कोठून आली? ती देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून, मठांतून, इनामदारांच्या पेट्यांतून निघाली. ज्यांच्या नावे ती लिहिली त्यांनी सनद म्हणून, हक्काचा पुरावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. कचेरीने स्वतःपाशी ठेवले ते गेले. कचेरीने लोकांना दिले ते राहिले.

रायगडाहून प्रतापगडाकडे जाताना पोलादपूर लागते. ‘शिवभारत’ लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी तेथे आहे. त्यांचा ग्रंथ अपुराच राहिला; राज्याभिषेकापर्यंत तो पोचत नाही. दरबाराच्या कवीचे काव्य अर्ध्यावर थांबले, पण दरबाराच्या नावगाव नसलेल्या एखाद्या कारकुनाने मोडीत उतरवलेली उंदराची आणि वातीची ओळ आपल्यापर्यंत आली. दिवाळी संपली की मुले पुन्हा पुण्या-मुंबईची गाडी धरतील, तेव्हा त्यांना एवढेच विचारावेसे वाटते: तुमच्या कचेरीतले काय उद्या दुसऱ्याच्या पेटीत सापडेल?