आखाती चषक फुटबॉल स्पर्धा

आखाती चषक फुटबॉल स्पर्धा : इराणच्या आखाताच्या परिसरातील अरब राष्ट्रांच्या राष्ट्रीय संघांमध्ये साधारणतः दोन वर्षांच्या अंतराने होणारी फुटबॉल स्पर्धा. अरबी भाषेत तिला ‘कास अल्-खलीज अल्-अरबी’ (अरबी आखाताचा चषक) अशी संज्ञा आहे. बोलण्यात मात्र ‘खलीजी’ या सुटसुटीत नावापुढे स्पर्धेचा अनुक्रमांक जोडण्याची प्रथा आहे. १९७० मध्ये बहारीन येथे चार संघांनिशी सुरू झालेल्या या स्पर्धेत पुढे बहारीन, कुवेत, कॉतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमीर राज्ये, ओमान, इराक व येमेन ही आठ राष्ट्रे सामील झाली. २०२५ च्या प्रारंभापर्यंत तिची २६ सत्रे पार पडली. या प्रदेशातील राज्यांची घडण, त्यांच्यातील आप्तभाव आणि वैमनस्ये यांचे प्रतिबिंब या स्पर्धेच्या इतिहासात पडलेले असल्याने तिला क्रीडेबाहेरही महत्त्व प्राप्त झाले आहे.

पार्श्वभूमी : खनिज तेलाचा शोध लागण्यापूर्वी आखाताच्या अरबी किनाऱ्यावरील वस्त्यांचे जीवन मोत्यांच्या उद्योगावर, मासेमारीवर व सागरी व्यापारावर अवलंबून होते. मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई ही होती आणि या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यानंतरही काही काळ रुपया हेच चलन होते. बहारीनमध्ये १९३२ साली आणि कुवेत व सौदी अरेबियात १९३८ साली तेल सापडल्यावर हे चित्र पालटू लागले. तेल कंपन्यांतील ब्रिटिश कर्मचारी आणि नव्या शाळांत इतर अरब देशांतून आलेले शिक्षक यांच्यामार्फत फुटबॉलचा प्रसार झाला. बहारीनमधील मुहर्रक या क्लबाची स्थापना १९२८ सालची आहे. राष्ट्रीय संघ आणि त्यांच्यातील नियमित सामने ही मात्र बरीच नंतरची गोष्ट होय.

स्पर्धेच्या कल्पनेचे श्रेय सामान्यतः सौदी राजपुत्र खालिद अल्-फैसल यांना दिले जाते. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकच्या सुमारास या कल्पनेला चालना मिळाली आणि बहारीनने पहिले यजमानपद स्वीकारले. २७ मार्च १९७० रोजी सुरू झालेल्या पहिल्या स्पर्धेत बहारीन, कुवेत, कॉतार व सौदी अरेबिया हे संघ उतरले. या चौघांपैकी बहारीन व कॉतार ही राज्ये त्या वेळी ब्रिटनच्या संरक्षणाखाली होती. त्यांना पूर्ण स्वातंत्र्य १९७१ मध्ये मिळाले. संयुक्त अरब अमीर राज्यांचा संघ १९७१ च्या डिसेंबरात अस्तित्वात आला आणि १९७२ मध्ये रियाद येथील दुसऱ्या स्पर्धेत त्याचा फुटबॉल संघ खेळलाही. अशा रीतीने यांतील काही देशांचे खेळाडू जवळजवळ राज्याच्या जन्माबरोबरच राष्ट्रीय पोशाखात मैदानावर उतरले. आखाती सहकार्य परिषद ही राजकीय संघटना १९८१ मध्ये स्थापन झाली; म्हणजे चषक तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी जुना ठरतो. शिवाय परिषदेचे सभासद नसलेले इराक व येमेन हे देशही चषकात समाविष्ट असल्याने त्याची व्याप्ती परिषदेहून अधिक आहे.

स्वरूप : पहिल्या काही दशकांत बहुतेक स्पर्धा साखळी पद्धतीने खेळविल्या गेल्या. प्रत्येक संघाने इतर सर्व संघांशी एकेक सामना खेळावयाचा व अधिक गुण मिळविणारा संघ विजेता ठरावयाचा, असा नियम असे. त्यामुळे ठरावीक अंतिम सामना नसे. १९७४ ची कुवेत येथील स्पर्धा हा यास अपवाद होय; तीत गट पाडून अंतिम सामना घेण्यात आला. समान गुण झाल्यास गोलांच्या फरकाने वा निर्णायक सामन्याने निकाल लागे. २००४ मध्ये दोहा येथे इराक परतल्यावर आठ संघांचे दोन गट, उपांत्य सामने व अंतिम सामना अशी रचना रूढ झाली. सत्रांतील अंतरही एकसारखे राहिलेले नाही. स्पर्धेच्या कारभारासाठी २०१६ मध्ये आखाती चषकाचा स्वतंत्र फुटबॉल महासंघ स्थापन करण्यात आला व त्याचे मुख्यालय दोहा येथे ठेवण्यात आले. ही स्पर्धा जागतिक संघटनेच्या अधिकृत वेळापत्रकाबाहेरची असल्याने परदेशी क्लबांवर खेळाडू मोकळे करण्याचे बंधन नसते.

कुवेत व इराक यांचे वर्चस्व (१९७०–९०) : पहिल्या चारही स्पर्धा कुवेतने जिंकल्या. १९७२ मध्ये बहारीनने मध्येच माघार घेतल्यामुळे त्याच्या सामन्यांचे निकाल रद्द झाले व सौदी अरेबियाशी गुण समान असूनही गोलांच्या फरकावर कुवेत विजयी ठरला. १९७४ च्या अंतिम सामन्यात त्याने सौदी अरेबियाचा ४–० असा पराभव केला. याच स्पर्धेत ओमानने पदार्पण केले. इराकचा प्रवेश १९७६ मध्ये दोहा येथे झाला. साखळीअखेर तो कुवेतच्या बरोबरीस आला, पण निर्णायक सामना कुवेतने ४–२ असा जिंकला. कुवेतचा जासिम याकूब याचे या स्पर्धेतील एकूण १८ गोल हा उच्चांक आहे. कुवेतच्या यशामागे तेलाच्या उत्पन्नातून झालेली क्लबांची उभारणी होती, तसेच मार्यू झागालू व कार्लुस आल्बेर्तू पॅरेरा या ब्राझिलियन मार्गदर्शकांचे शिक्षणही होते. याच पिढीने १९८० मध्ये आशियाई चषक जिंकला आणि १९८२ मध्ये स्पेनमधील विश्वचषक स्पर्धेत प्रवेश मिळविला.

कुवेतची मालिका १९७९ मध्ये बगदाद येथे इराकने खंडित केली. त्या स्पर्धेत हुसेन सईद याने एकट्याने १० गोल केले. पुढे १९८४ व १९८८ ची अजिंक्यपदेही इराकने मिळविली. १९८४ मध्ये मस्कत येथे कॉतारविरुद्धचा निर्णायक सामना पेनल्टी किकवर जिंकावा लागला. १९८२ मध्ये अबू धाबी येथे इराकने स्पर्धा अर्ध्यावर सोडली आणि अजिंक्यपद कुवेतकडे गेले. १९८६ ची स्पर्धाही कुवेतनेच जिंकली. विशेष म्हणजे १९८० ते १९८८ या काळात इराक व इराण यांच्यात प्रदीर्घ युद्ध चालू असतानाही स्पर्धेत खंड पडला नाही.

१९९० चा खंड व नंतरचा काळ : १९९० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कुवेत येथे भरलेली दहावी स्पर्धा वादग्रस्त ठरली. बोधचिन्हावरून झालेल्या वादामुळे सौदी अरेबियाने तिच्यात भाग घेतला नाही आणि पंचांच्या निर्णयांवर नाराज होऊन इराकने मध्येच माघार घेतली. अजिंक्यपद यजमान कुवेतने मिळविले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, २ ऑगस्ट १९९० रोजी, इराकी सैन्याने कुवेतवर आक्रमण केले. त्याच दिवशी दसमान राजवाड्यापाशी शेख फहाद अल्-अहमद अस्-सबाह हे मारले गेले. कुवेतच्या फुटबॉल संघटनेचे ते अध्यक्ष होते आणि १९८२ च्या विश्वचषकात फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात पंचांचा निर्णय बदलून घेण्यासाठी ते स्वतः मैदानात उतरल्याचा प्रसंग जगभर गाजला होता. मैदानावरील भांडणातून युद्ध उद्‌भवले असे म्हणता येणार नाही. त्याची कारणे तेल, कर्ज व सीमा यांच्या वादांत होती. तथापि बंधुत्वाची स्पर्धा ही राज्यांमधील वैर थोपवू शकत नाही, हे या घटनेने स्पष्ट केले.

यानंतर इराकला चौदा वर्षे स्पर्धेबाहेर राहावे लागले. या अवधीत कॉतारने १९९२ मध्ये व सौदी अरेबियाने १९९४ मध्ये आपापले पहिले अजिंक्यपद मिळविले. १९९६ व १९९८ मध्ये कुवेत पुन्हा विजयी झाला; २००२ व २००३–०४ च्या स्पर्धा सौदी अरेबियाने जिंकल्या. २००३–०४ मध्ये येमेनने पदार्पण केले.

नव्या शक्तींचा उदय : २००४ नंतर स्पर्धा अधिक चुरशीची झाली. त्या वर्षी कॉतारने व २००७ मध्ये संयुक्त अरब अमीर राज्यांनी ओमानला अंतिम सामन्यात पराभूत केले. एके काळी सर्वांत दुबळा मानला गेलेला ओमान २००९ मध्ये मस्कत येथे सलग तिसऱ्यांदा अंतिम सामन्यात पोहोचला आणि सौदी अरेबियाविरुद्ध पेनल्टी किकवर अखेर विजयी झाला. गोलरक्षक अली अल्-हब्सी याने त्या स्पर्धेत एकही गोल होऊ दिला नाही. २०१० ची स्पर्धा येमेनमधील एडन व अब्यान येथे सुरक्षिततेविषयीच्या शंकांच्या छायेत भरली. तीत कुवेतने आपले दहावे अजिंक्यपद मिळविले. संयुक्त अरब अमीर राज्यांनी २०१३ मध्ये इराकचा, तर कॉतारने २०१४ मध्ये रियाद येथे यजमान सौदी अरेबियाचा पराभव करून चषक जिंकला.

बहिष्कार व समेट : ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमीर राज्ये, बहारीन व ईजिप्त यांनी कॉतारशी संबंध तोडले. त्या वर्षअखेरची स्पर्धा दोहा येथे व्हावयाची होती. परंतु आखातातील तिन्ही देश तेथे खेळण्यास तयार नव्हते. कुवेतच्या फुटबॉल संघटनेवर २०१५ पासून असलेली आंतरराष्ट्रीय बंदी डिसेंबर २०१७ मध्ये उठताच स्पर्धा कुवेतला हलविण्यात आली. ओमानने ती पेनल्टी किकवर जिंकली. २०१९ ची स्पर्धा दोहा येथे ठरली तेव्हाही प्रथम या तीन देशांची नावे नव्हती. नोव्हेंबरमध्ये त्यांनी सहभागाचा निर्णय कळविल्यावर कार्यक्रम नव्याने आखावा लागला. उपांत्य सामन्यात सौदी अरेबियाने कॉतारला दोहा येथेच हरविले आणि अंतिम सामन्यात बहारीनने सौदी अरेबियाचा १–० असा पराभव करून एकोणपन्नास वर्षांच्या प्रतीक्षेनंतर पहिले अजिंक्यपद मिळविले. तिन्ही संघांचे दोह्यातील आगमन हे समेटाचे आरंभीचे उघड चिन्ह मानले गेले. औपचारिक समेट जानेवारी २०२१ मध्ये अल्-उला येथील परिषदेत झाला.

इराकचे यजमानपदही असेच राजकीय परिस्थितीवर अवलंबून राहिले. २०१३ व २०१४ च्या स्पर्धा बसरा येथे योजिल्या होत्या. त्या अनुक्रमे बहारीन व रियाद येथे हलविण्यात आल्या. अखेर जानेवारी २०२३ मध्ये, ४४ वर्षांनी, इराकमध्ये स्पर्धा भरली. नावातील ‘अरबी आखात’ या शब्दांना इराणने राजनैतिक पातळीवर आक्षेप घेतला. शेजारच्या देशांतून, विशेषतः कुवेतमधून, आलेल्या प्रेक्षकांचे बसऱ्याच्या रहिवाशांनी घरोघरी आतिथ्य केले. अंतिम सामन्याच्या दिवशी मैदानाबाहेर झालेल्या चेंगराचेंगरीत मात्र जीवितहानी झाली. जादा वेळेत इराकने ओमानवर ३–२ असा विजय मिळवून आपले चौथे अजिंक्यपद संपादन केले.

महत्त्व : या स्पर्धेचा एक ठळक परिणाम म्हणजे क्रीडागारांची उभारणी. दोहा येथील खलिफा क्रीडागाराचे उद्‌घाटन १९७६ च्या स्पर्धेने झाले. पुनर्बांधणीनंतर तेथे २०२२ च्या विश्वचषकाचे सामने खेळविण्यात आले. बसरा येथील सु. ६५,००० प्रेक्षकांचे क्रीडागारही याच चषकाच्या अपेक्षेने बांधण्यात आले. काही यजमान देशांनी स्पर्धेनिमित्त टपाल तिकिटेही काढली. कुवेत (१९८२), इराक (१९८६), संयुक्त अरब अमीर राज्ये (१९९०) व सौदी अरेबिया (१९९४) हे देश विश्वचषकापर्यंत पोहोचले, त्यामागे या नियमित प्रादेशिक सामन्यांचा सराव हे एक कारण होते.

सामाजिक दृष्ट्याही स्पर्धा लक्षणीय आहे. कुवेत, कॉतार व संयुक्त अरब अमीर राज्ये या देशांत मूळ नागरिक हे एकूण लोकसंख्येत अल्पसंख्य असून बहुसंख्य रहिवासी भारतासह इतर देशांतून कामासाठी आलेले आहेत. राष्ट्रीय संघ हे या छोट्या नागरिकसमाजाच्या अस्मितेचे प्रतीक ठरते. सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच टोळीचे व कुळाचे लोक राहत असल्याने प्रतिस्पर्धी हे बहुधा आप्तही असतात. जागतिक मान्यतेच्या दृष्टीने गौण असूनही विश्वचषकाच्या पात्रता सामन्यांइतकीच ईर्ष्या येथे दिसते, ती यामुळेच.

सव्विसावी स्पर्धा डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात कुवेत येथे झाली. तीत ओमानला २–१ असे हरवून बहारीनने दुसऱ्यांदा चषक मिळविला. त्या स्पर्धेअखेर कुवेतकडे १०, इराककडे ४, सौदी अरेबिया व कॉतार यांच्याकडे प्रत्येकी ३, तर संयुक्त अरब अमीर राज्ये, ओमान व बहारीन यांच्याकडे प्रत्येकी २ अजिंक्यपदे होती. येमेनला तोपर्यंत अजिंक्यपद मिळालेले नव्हते.