सिंधुदुर्गाच्या तीन बावी

श्रोतेहो, एखादी जागा वस्तीला आणि संकटाला पुरी पडेल की नाही, हे ओळखावे कसे? मालवणच्या समुद्रातच याचा धडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. १६६७ साली काम पुरे झाले. सिद्दी आणि पोर्तुगीज यांच्या आरमारांना तोंड द्यायचे होते. बेटाभोवती बुडीत खडक; वाट ठाऊक नसलेले जहाज अडलेच म्हणून समजा. पण महत्त्वाचे पुढेच आहे. चहूकडे खारे पाणी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन बावी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव! तट कितीही उंच असो, पाण्यावाचून वेढ्यात टिकाव लागत नाही. धान्य मात्र किनाऱ्यावरूनच आणावे लागे. म्हणून शेजारची गावे आपली असणे, हीही एक तटबंदीच. १७६५ साली इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला फोर्ट ऑगस्टस म्हटले. ते नाव टिकले नाही. बावी टिकल्या, आणि काही कुटुंबे आजही तिथे नांदतात. कोकणात पाऊस उदंड, पण जांभ्यातून तो झिरपून जातो. तेव्हा शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीत, ऐन वैशाखात, मुलांसह गावची एकेक विहीर पाहावी. गाव किती तग धरील, ते तिथे कळेल.