पुरांतला राक्षस

बिबो बेर्जेरों यांचा ‘अ मॉन्स्टर इन पॅरिस’ हा २०११ चा फ्रेंच चित्रपट मुलांचा म्हणून ओळखला जातो. त्यांतील माणसें संगणकावर रेखाटलेलीं, आणि राक्षस म्हणजे प्रयोगशाळेंतील अपघातानें माणसाहूनहि मोठी झालेली एक पिसू! परंतु कथेचा काळ कल्पित नाहीं. जानेवारी १९१० मध्यें सीन नदीला आलेल्या महापुरांत ती घडते.

त्या पुराची रीत मोठी विलक्षण होती. नदी कांठ ओलांडून आली, त्यापेक्षां जमिनीखालूनच अधिक आली. भुयारी रेल्वे, गटारें, दहाच वर्षांपूर्वीं उघडलेलें ओर्से स्थानक, ज्या ज्या गोष्टींचा पॅरिसला अभिमान, त्याच वाटांनीं पाणी शिरलें. नदीपासून बऱ्याच दूरच्या सें-लाझार स्थानकापुढें होड्या फिरूं लागल्या. दाबलेल्या हवेवर चालणारीं शहरांतील घड्याळें २१ तारखेच्या रात्रीं एकदमच थांबलीं. २८ तारखेस पाण्यानें ८.६२ मीटरची खूण गांठली, तेव्हां अल्मा पुलाच्या दगडी शिपायाचे खांदे तेवढे वर होते.

अशा संकटाला तोंड नसतें. पोलीस-अधिकारी मेनो ही अडचण नेमकी ओळखतो. पुराला गोळी घालतां येत नाहीं, पिसवेला येते. तेव्हां तो तिला राक्षस ठरवितो आणि शिकारीच्या जोरावर महापौर होऊं पाहतो. इकडे ल्यूसील ही गायिका त्या बापड्या जिवाला ‘फ्रांकेर’ हें नांव, पांढरा पोशाख आणि मुखवटा देऊन रंगमंचावर उभा करते, आणि त्याच्या गाण्यावर तेंच भेदरलेलें शहर लुब्ध होतें!

येथें इतिहासाला एक हरकत घ्यावी लागते. १९१० मध्यें पॅरिसला महापौरच नव्हता. १८७१ च्या कम्यूननंतर तें पद नाहींसें झालें, तें १९७७ पर्यंत. राजसत्तेला या बंडखोर शहराचेंच भय वाटे. त्याच्या हातीं स्वतःचा कारभार देण्याची तिची छाती होईना. म्हणजे खुद्द पॅरिस हाच फ्रेंच सरकारच्या लेखीं राक्षस होता. दिग्दर्शकाला हें सुचलें असतें तर चित्रपट अधिक धारदार झाला असता. मुलांना कितपत रुचला असता, हा प्रश्न निराळा.

आणि मेनोच्या जागीं त्या वेळीं खरोखर होता लुई लेपीन. तो सरकारनें नेमलेला. त्याला कोणाचीं मतें मागावयाचीं नव्हतीं. त्याच्या शिपायांनीं आणि सैनिकांनीं लांकडी फळ्यांचे अरुंद पूल रस्त्यारस्त्यांतून टाकले, आणि त्यांवरून तोल सांवरीत पॅरिसकर रोज कामावर जात राहिले.