सत्तावीस पेन्सांची कुळकथा

ब्राझीलच्या मिलरेइस या चलनाचा लंडनवरील हुंडणावळीचा कायदेशीर भाव २७ पेन्स होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रिओ द जानेरोतील मंत्री, कॉफीचे अडते व इंग्रज पेढ्यांचे मुनीम या आकड्याकडे ज्या भक्तिभावाने पाहत, त्यावरून तो कोणा प्राचीन धर्मशास्त्रात लिहिलेला असावा असे वाटावे. वस्तुतः या आकड्याचे कूळ मुळीच थोर नाही. ते एका राज्याच्या नादारीतून निघाले आहे.

रेइस हे पोर्तुगीजांचे हिशेबी नाणे. ते मोलाने इतके क्षुल्लक होऊन बसले होते की हजार रेइसांचा मिलरेइस आणि दहा लाखांचा कोंतु अशी मापे लावल्यावाचून जमाखर्च लिहिणे दुरापास्त व्हावे. (मुंबई इंग्रजांच्या हाती गेल्यावरही पुष्कळ काळ तेथील वह्यांतून चारशे रेइसांचा रुपया धरीत असत, तीही याच वंशाची शाखा.) नेपोलियनच्या फौजेपुढे लिस्बन सोडून पोर्तुगालचा दरबार १८०८ साली ब्राझीलला येऊन पोहोचला, बंदरे मित्रराष्ट्रांच्या जहाजांना खुली झाली, त्याच वर्षी बँक ऑफ ब्राझील स्थापन झाली, आणि इंग्लंडशी थेट व्यापार सुरू होताच मिलरेइसची गाठ पौंडाशी पडली. त्या काळी एक ओइताव, म्हणजे सुमारे साडेतीन ग्रॅम, बावीस कॅरटच्या सोन्याचे मोल १,६०० रेइस धरलेले असे; त्या हिशेबाने मिलरेइस ६७½ पेन्सांचा पडे.

परंतु दरबाराचा खर्च भागविण्याकरिता बँक नोटा छापीत गेली. १८२१ साली राजा जुआंव सहावा स्वदेशी परतला, तेव्हा दरबारी मंडळींनी बँकेतील रोकड बरोबर नेली. आणि पुढे स्वतंत्र झालेल्या साम्राज्याने ब्वेनोस आयर्सशी युद्ध मांडून तांब्याची नाणी धातूच्या किमतीहून कितीतरी चढ्या दर्शनी मूल्याने पाडली, तेव्हा खोटी नाणी पाडणाऱ्यांचे आयतेच फावले. १८२९ साली बँक बंद झाली. १८३३ च्या कायद्याने त्याच ओइतावाचे मोल २,५०० रेइस ठरवून भाव ४३⅕ पेन्सांवर आणला. बाजाराने तोही जुमानला नाही. अखेर १८४६ साली मोल ४,००० रेइस ठरले आणि गणिताने २७ पेन्स निघाले. बाजारात जो भाव आधीच चालू होता, त्याच्यावर सरकारने केवळ मोहोर उठविली. पुढे १८५४ साली पोर्तुगालने आपला मिलरेइस ५३⅓ पेन्सांचा ठरविला, तेव्हा ब्राझीलचे नाणे मायदेशाच्या नाण्याच्या जेमतेम निम्मे भरले.

यानंतरचा इतिहास म्हणजे या भावापासून ढळण्याचा आणि त्याच्याकडे परतण्याच्या धडपडीचा. पॅराग्वेशी झालेल्या युद्धात, १८६८ साली, भाव १४ पेन्सांपर्यंत घसरला. १८७५ साली तो २७ च्याही वर होता. आणि १८८९ साली साम्राज्य लयाला गेले तेव्हा मिलरेइस, योगायोगाने म्हणा, पुन्हा आपल्या कायदेशीर भावाच्या आसपास उभा होता. प्रजासत्ताकाचा पहिला अर्थमंत्री रुइ बार्बोझा याने बँकांना नोटा काढण्याची सढळ मुभा दिली. कंपन्यांच्या शेअरांचा जो बेफाम सट्टा त्यातून माजला, त्याला लोकांनी घोडदौडीच्या मैदानावरील खोगीर कसण्याचे नाव दिले. १८९८ पर्यंत मिलरेइस ७ पेन्सांच्या घरात आला. परदेशी कर्जाचे व्याज रोख देणे अशक्य झाले, तेव्हा रॉथ्सचाइल्डांच्या पेढीने एक कोटी पौंडांपर्यंतचे नवे रोखे काढून दिले, रिओच्या जकातीचे उत्पन्न तारण घेतले, आणि तितक्या प्रमाणात कागदी चलन जाळून टाकण्याची अट घातली. ही अट पाळणारा अर्थमंत्री जोआकिम मुर्तिन्यो पेशाने होमिओपॅथ होता, पण चलनाला त्याने दिलेली मात्रा मुळीच सूक्ष्म नव्हती: १९०० साली बँका कोसळल्या, आणि १९०२ पर्यंत भाव १२ पेन्सांवर चढला.

भाव चढला म्हणजे सर्वांनाच आनंद झाला, असे समजू नये. कॉफीचा मळेवाला आपला माल पौंडांत विकी, आणि मजुरी व व्याज मिलरेइसांत देई. मिलरेइस महाग झाला की त्याच्या हाती येणारी रक्कम आटे, देणे मात्र तितकेच राही. १९२६-२७ साली रुपया १६ पेन्सांचा असावा की १८ पेन्सांचा, या वादात मुंबईच्या गिरणीमालकांनी स्वस्त रुपयाचा जो कैवार घेतला, त्याचे मर्म ज्याला ठाऊक आहे त्याला साऊं पाउलुच्या मळेवाल्यांची तक्रार नवी वाटणार नाही. त्यांच्याच आग्रहाने १९०६ साली सोन्याच्या बदल्यात नोटा देणारी कचेरी उघडली आणि भाव १५ पेन्सांवर बांधला गेला. १९१० साली तो १६ केला. १९१४ च्या महायुद्धाने ती कचेरीच निकामी केली. एवढे होऊनही २७ पेन्सांचे नाव काढणारे होतेच. पण जो आकडा मुळात बाजाराने लादलेला, त्याला राष्ट्राच्या अब्रूचे माप समजणे ही विपरीत बुद्धी होती, असेच मला वाटते.

१९२६ साली अध्यक्ष वॉशिंग्टन लुईस याने सहा पेन्सांहून किंचित कमी भाव कायम करण्याचा कायदा केला. तोही चालू बाजारभावच होता. १९२९ नंतर कॉफीचे भाव कोसळले, सोने देशाबाहेर गेले, आणि १९३० साली लुईस पदच्युत झाला. १ नोव्हेंबर १९४२ रोजी मिलरेइसच्या जागी क्रुझेरो आला. बदलाचा भाव एक मिलरेइसास एक क्रुझेरो असा ठेवला गेला.