फायब्रोमायल्जिया : दुखण्याच्या मुळाशी काय?

सर्वांगाचे स्नायू महिनोन्‌महिने ठणकत राहतात, रात्रभर झोपूनही सकाळी थकवा जात नाही, साध्या गोष्टी विसरायला होतात आणि रक्ततपासणीचे अहवाल मात्र निर्दोष येतात. हाच फायब्रोमायल्जिया. चिखलीसारख्या तालुक्याच्या गावी कापूस वेचणीनंतरची अंगदुखी कोणाला नवी नाही. त्यामुळे हे दुखणे कामाचा शीण किंवा ‘मनाचे खेळ’ म्हणून सोडून दिले जाते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण अधिक असते, हेही या दुर्लक्षाचे एक कारण असावे.

अशा दुखण्यांचा आवाका पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे दिसून आला. डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये तेथे घरोघरी सर्वेक्षण सुरू केले. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंची दुखणी होती आणि त्यांतील अनेकांचे दुखणे संधिवाताच्या ठरावीक प्रकारात बसत नव्हते.

मेंदू व मज्जारज्जू वेदनेचे संदेश वाजवीपेक्षा तीव्र करतात, हे या विकाराचे आज बहुमान्य स्पष्टीकरण आहे. पण तसे का व्हावे? जेफ्री ब्लॅण्ड यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये अमेरिकेत संस्थारूप घेतलेली ‘फंक्शनल मेडिसिन’ ही विचारधारा नेमका हाच प्रश्न धरून बसते. तिच्या मते कारण एक नसते. आहार, झोप, संसर्ग, संप्रेरके, ताण यांची गुंतागुंत प्रत्येक रुग्णात वेगळी असते.

यांतील झोपेचा दुवा जुना आणि भक्कम आहे. मोल्डोफ्स्की यांनी १९७५ मध्ये टोरांटोत निरोगी स्वयंसेवकांची गाढ झोप मोडली, तेव्हा त्यांचेही स्नायू दुखू लागले. संसर्गाचा दुवा महाराष्ट्राला अपरिचित नाही. २००६ च्या चिकुनगुन्याच्या साथीनंतर ताप उतरूनही कित्येकांचे अंग महिनोन्‌महिने धरलेले होते. आतड्यातील जिवाणूंविषयी मॉंट्रियलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये रुग्ण व निरोगी स्त्रियांत फरक नोंदवला; परंतु हा फरक दुखण्याचे कारण की परिणाम, हे त्यातून ठरत नाही.

थायरॉइडची मंदगती, ‘ड’ व ‘ब-१२’ जीवनसत्त्वांची उणीव यांनीही अंगदुखी व थकवा येतो. शाकाहारी घरांत ‘ब-१२’ कमी असणे तर नित्याचेच. उन्हात राबणाऱ्यांत ‘ड’ कमी नसेल, असेही गृहीत धरू नये. मात्र ही उणीव भरून दुखणे थांबले, तर तो मुळात फायब्रोमायल्जिया नव्हताच, असे म्हणावे लागेल. या तपासण्या साध्या आहेत आणि प्रथम त्याच कराव्यात.

‘गळके आतडे’, ‘थकलेल्या अधिवृक्क ग्रंथी’, शरीरातील जड धातू अशी निदाने करून महागड्या चाचण्या व पूरक गोळ्यांची यादी हाती देणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे. फायब्रोमायल्जियाचे मूळ तेथे असल्याचे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत २००७ ते २००९ दरम्यान मान्यता मिळालेली प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन व मिलनासिप्रान ही औषधे काही रुग्णांनाच उपयोगी पडतात आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो हळूहळू वाढवत नेलेल्या व्यायामाचा. दहा मिनिटांच्या चालण्याने सुरुवात करता येते. पहिले काही आठवडे दुखणे किंचित वाढते, आणि काही रुग्ण तेथेच चालणे सोडतात.