दोन वर्षांचं कलम

पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यातला ३० ऑक्टोबर १९६१चा मजूरभरतीचा करार वाचायला घेतला की आधी जाणवतो तो त्याचा त्रोटकपणा. रीतसर तहनामा नाहीच. जर्मन परराष्ट्र खात्याने तुर्की वकिलातीला पाठवलेलं टिपण आणि वकिलातीने दिलेली संमती, एवढाच व्यवहार. मूळ टिपण जेमतेम दोन पानांचं. त्याच्या शेजारी इटलीशी २० डिसेंबर १९५५ रोजी रोममध्ये झालेला करार ठेवून पाहावा. त्यात मजुराकडे पुरेशी जागा असेल तर कुटुंब आणण्याच्या अर्जाचा सहानुभूतीने विचार करू, असं आश्वासन आहे. तुर्की कागदात कुटुंब हा विषयच नाही.

हा करार बर्लिन भिंतीमुळे झाला, असं पुष्कळदा लिहिलं जातं. पूर्वेकडून येणारी माणसं भिंतीने अडवली, म्हणून तुर्कस्तानकडे हात पसरावा लागला, अशी ती मांडणी. ऐकायला सोयीची आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. भिंत उभी राहू लागली १३ ऑगस्ट १९६१ला. जर्मन रोजगार खात्याची भरती कचेरी इस्तंबूलमध्ये जुलैतच उघडली होती. त्याआधी मार्च १९६० मध्ये स्पेन आणि ग्रीसशी करार झाले होते. ग्रीस आणि तुर्कस्तान दोघेही नाटोचे सभासद. ग्रीसला दिलं ते आम्हाला का नाही, हा तुर्कांचा रास्त सवाल होता. भिंतीने गरज वाढवली हे खरं, पण मागणी अंकाराकडून आधीच आलेली होती. देशातली बेकारी कमी व्हावी, परकीय चलन यावं आणि माणसं कसब शिकून परतावीत, हा तिथला हिशेब.

टिपणातलं कळीचं कलम मुदतीचं. एकूण दोन वर्षांपलीकडे राहण्याचा परवाना मिळणार नाही. इटालियनांना आणि ग्रीकांना अशी अट नव्हती. ती जर्मन गृहखात्याच्या आग्रहाने आली. तुर्की मजुरांच्या वैद्यकीय तपासणीतही केवळ कामाची क्षमता पाहून भागणार नव्हतं, रोगराई देशात येऊ नये हेही कारण जोडलं गेलं. तुर्कांना वेगळ्या मापाने मोजलं जात होतं, हे इथे उघड दिसतं.

हे कलम मोडलं ते मालकांनी. माणूस आणायचा, त्याला यंत्रावर बसवायचा, जेमतेम भाषा शिकवायची आणि हात बसला की परत पाठवून नवा शोधायचा, हे त्यांना परवडेना. १९६२ सालीच मालकांच्या मध्यवर्ती संघटनेने श्रम खात्याकडे तक्रार मांडली. ३० सप्टेंबर १९६४च्या सुधारित करारातून दोन वर्षांची मर्यादा गेली. या बदलाला कोणी माणुसकीचं लेणं चढवू नये. तो कारखान्याच्या खतावणीतून आला. गृहखात्याची हरकत त्यापुढे टिकली नाही.

मग २३ नोव्हेंबर १९७३. श्रममंत्री वाल्टर आरेंट यांनी रोजगार खात्याला टेलेक्सने आदेश पाठवून परदेशी मजुरांची भरती थांबवली. संसदेत कायदा नाही, काही नाही. एका टेलेक्सवर अठरा वर्षांचं धोरण बंद. कारण दिलं होतं तेलटंचाईचं. तेही जपूनच घ्यावं लागतं, कारण परदेशी मजूर आणण्यासाठी मालकाने भरायचं शुल्क सरकारने तेलाचा प्रश्न पेटण्याआधीच वाढवलं होतं, आणि ऑगस्टमध्ये कोलोनच्या फोर्ड कारखान्यातला तुर्की कामगारांचा संपही देशभर गाजून गेला होता. इटालियनांना ही बंदी लागू नव्हती. युरोपीय आर्थिक समुदायात त्यांना मुक्त संचाराचा हक्क होता.

तुर्की मजुरापुढे मात्र पेच पडला. गावी कायमचं परतलं, तर पुन्हा कामावर येण्याची वाट बंद. म्हणून अनेक जण तिथेच राहिले, आणि १९६१च्या टिपणात ज्यांचा उल्लेखही नव्हता ती बायकामुलं भरती थांबल्यावरच मोठ्या संख्येने जर्मनीत आली.